दुष्काळातील कागद

मुंबई इलाख्यात चित्रकलेच्या शिक्षणाला सरकारी शिरस्ता लागला तो 1857 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या कलाशाळेमुळे. आणि त्या शाळेपासून तालुक्याच्या गावातील हायस्कुलापर्यंत ड्रॉइंग मास्तरांची जी परंपरा पसरली, तिने महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या हाती पेन्सिल आणि खोडरबर दिले, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन परीक्षांचा धाक दिला आणि समोर ठेवलेल्या नमुन्याबरहुकूम रेघ ओढण्याची शिस्तही दिली. या परंपरेचे आपल्यावरील ऋण मोठे आहे आणि ते नाकारण्याचे काहीच कारण नाही. परंतु चित्र मास्तरांना येते व विद्यार्थ्याला येत नाही, म्हणून पहिल्याने ते दुसऱ्याला शिकवावयाचे, हे त्या साऱ्या शिक्षणाचे गृहीत होते. आणि या गृहीताच्या अगदी उलट दिशेने चालत गेलेला एक मराठी चित्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला, ज्याचे नाव मधुबनीच्या परिसरातील वृद्ध चित्रकर्त्री आदराने घेत आल्या, आणि आपल्याकडे मात्र ते जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. भास्कर कुलकर्णी हे ते नाव.

कुलकर्णी ज्या मुलखात गेले त्याची चित्रपरंपरा समजल्यावाचून त्यांच्या कामाचे मोल कळावयाचे नाही. गंगेच्या उत्तरेस नेपाळच्या तराईपर्यंत पसरलेल्या मिथिलेत लग्नसराईचा मोठा हंगाम ऐन उन्हाळ्यात येतो. पश्चिमेचा तापलेला वारा सुटलेला असताना, मधुबनीजवळच्या सौराठ गावी मैथिल ब्राह्मणांची विवाहसभा भरावी, पंजीकारांनी आपल्या वंशावळींची दप्तरे उलगडून वर आणि वधू निषिद्ध नात्यात येत नाहीत असा लेखी निर्वाळा द्यावा, आणि सोयरीक ठरताच वधूच्या घरी बायकांनी एका खोलीच्या भिंती सारवून चित्रे काढावयास बसावे, असा तेथील जुना क्रम. त्या खोलीला कोहबर म्हणतात. विवाहानंतर चतुर्थीचा विधी होईपर्यंतच्या रात्री नवदांपत्याने तेथे घालवावयाच्या, म्हणून भिंतीवर कमळाच्या पानांची वर्तुळे, त्यांच्या मधोमध उभा चढत गेलेला देठ, बांबूचे बेट, मासे, कासव, सर्प, पोपटांच्या जोड्या, चंद्र आणि सूर्य यांची दाटी असते, आणि खोलीच्या चार कोपऱ्यांत नैना-जोगिनी पहारा देतात. ही सारी चिन्हे वंशवृद्धीची आणि सौभाग्याची आहेत, हे त्या बायकांना कोणी पोथीतून शिकवलेले नसते. सासूच्या आणि आईच्या शेजारी बसून ती हाताला येतात.

साहित्य घरचेच असे. बांबूच्या काडीच्या टोकाशी कापूस गुंडाळला की रंग भरावयाचे साधन तयार. नुसती काडी टोकदार केली की रेघेसाठी लेखणी. काळा रंग दिव्याच्या काजळीचा, पिवळा हळदीचा, पांढरा तांदळाच्या पिठीचा, हिरवा पानांच्या रसाचा, केशरी पळसाच्या फुलांचा. ब्राह्मणांच्या घरी दुहेरी बाह्यरेषेच्या आत सपाट रंग भरण्याची रीत, जिला भरनी म्हणतात. कायस्थांच्या घरी लाल आणि काळ्या बारीक रेघांनीच सारे अंग विणून काढण्याची, जिला कचनी म्हणतात. लग्न उरकले, पावसाळा आला, भिंत ओलावली, आणि पुढच्या सारवणात चित्र गेले. त्याबद्दल कोणी हळहळत नसे, कारण चित्र काढण्याचे प्रयोजन पार पडलेले असे.

या चित्रांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले तेही एका आपत्तीने. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपात उत्तर बिहारची घरे कोसळली, आणि मधुबनीचे तत्कालीन उपविभागीय अधिकारी विल्यम आर्चर नुकसानीची पाहणी करीत हिंडत असताना, एरवी परपुरुषाची नजर जेथे पोहोचली नसती अशा अंतःपुरांच्या रंगवलेल्या भिंती उघड्या पडलेल्या त्यांना दिसल्या. सनदी नोकरीत असूनही कलेची खरी दृष्टी असलेला हा गृहस्थ होता. त्याने छायाचित्रे घेतली, आणि 1949 मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘मार्ग’ या नियतकालिकात मैथिल चित्रकलेवर लेख लिहिला. मात्र लेखाने भिंतीवरची चित्रे अभ्यासकांच्या टेबलावर गेली. ती काढणाऱ्या बायकांच्या घरात एक पैसाही आला नाही.

पुढची आपत्ती अवर्षणाची. 1966 साली बिहारात पाऊस कमी तर झालाच, पण ज्याच्यावर अगहनी भाताचे दाणे भरणे अवलंबून असते तो हस्ताचा पाऊस साफ फिरला. राज्यात सत्तांतर झाले, आणि 20 एप्रिल 1967 रोजी राज्याच्या काही भागांत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर करण्यात आला; स्वातंत्र्यानंतर सरकारने हा शब्द असा दप्तरी नोंदवण्याचा तो पहिला प्रसंग. जयप्रकाश नारायण यांच्या अध्यक्षतेखाली बिहार रिलीफ कमिटी उभी राहिली, मोफत अन्नछत्रे निघाली, आणि त्या उन्हाळ्यात ठिकठिकाणचे स्वयंसेवक रणरणत्या उन्हात विहिरी खोदण्यास आणि धान्य वाटण्यास धावले. सर्वांत कठोर तडाखा दक्षिण बिहारला बसला असला तरी मिथिलेच्या घरांतही चूल पेटण्याची भ्रांत होती. दुष्काळी काम म्हणजे तलावाची माती उपसणे आणि रस्त्यावर भराव टाकणे, ही ब्रिटिश आमदानीपासूनची ठरलेली रीत. पण पडद्यात राहणाऱ्या ब्राह्मण आणि कायस्थ स्त्रिया या कामावर जाणे शक्यच नव्हते. मजुरीच्या हजेरीपटावर ज्यांचे नाव कधी चढणार नव्हते अशा या स्त्रियांपर्यंत पोहोचण्यासाठी, अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाची धुरा वाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी मुंबईच्या भास्कर कुलकर्णींना मधुबनीकडे पाठवले, आणि त्यांच्या हाती जे साहित्य दिले ते होते कागद.

कल्पना दिसावयास साधी होती. बायका भिंतीवर जे काढतात तेच त्यांनी कागदावर काढावे, मंडळाने ते विकत घ्यावे, आणि मेहनतीचा मोबदला थेट त्यांच्या हाती पडावा. प्रत्यक्षात मात्र हे काम किती नाजूक होते! भाषा परकी, माणूस परका, त्यातून पुरुष. आणि मागावयाची वस्तू अशी की जिचा संबंध लग्नविधीशी आणि घरातल्या सर्वांत खाजगी खोलीशी. कागद त्या स्त्रियांना सर्वस्वी अनोळखी नव्हता, कारण लग्नात कुंकवाच्या पुडीसाठी कोहबराची चिन्हे काढलेला कागद वापरण्याची चाल तेथे होतीच. परंतु चित्र विकावयाचे असते ही गोष्ट मात्र त्यांच्या कल्पनेबाहेरची होती. जितवारपूर आणि रांटी या गावांत कुलकर्णी घरोघर गेले, त्यांनी कागद दिले, आणि काही घरांनी ते घेतले. तेव्हा अगदी तरुण असलेल्या जितवारपूरच्या बौआ देवींनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, त्यांना एका चित्राचा दीड रुपया मिळाला. ती रक्कम आज क्षुल्लक वाटेल. परंतु दुष्काळाच्या घरात, बाईच्या स्वतःच्या हातात, तिच्याच हातच्या कामाबद्दल आलेला तो दीड रुपया होता.

आता या सर्वांत शिक्षण कोठे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा अर्थ त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. मुंबईत वावरलेल्या चित्रकाराला यथार्थदर्शन येत होते, शरीररचना येत होती, आधुनिक युरोपीय चित्रकलेची खबर होती. आणि यातले काही त्या बायकांच्या कागदावर उतरवण्याचा मोह त्याला झाला असता तर त्यात आश्चर्य नव्हते, कारण दया करावयास आलेला माणूस सुधारणा केल्यावाचून सहसा राहत नाही. कुलकर्णींनी तसे केले नाही याचा पुरावा कोणत्याही अहवालात शोधण्याची गरज नाही. तो चित्रांतच आहे. जितवारपूरच्याच सीतादेवी आणि जगदंबादेवी यांची चित्रे शेजारी ठेवली तर दोघींचे हात कधी एकमेकींत मिसळत नाहीत. रांटीच्या महासुंदरीदेवींची रेघ त्यांच्याहून वेगळी, आणि नंतर नावारूपास आलेल्या गंगादेवींची सूक्ष्म कचनी सर्वांहून निराळी. एकाच शिक्षकाने हात धरून गिरवून घेतले असते तर या भिन्न हातांची एकच शाळकरी वळणाची रेघ झाली असती.

कागदाने मात्र त्यांना शिकवले, आणि ते शिक्षण बारकाईने पाहण्याजोगे आहे. भिंतीवर चित्राची मर्यादा दाराने, कोनाड्याने आणि छपराच्या वाशाने ठरते, आणि बाई उभी राहून, मान वर करून काम करते. कागद जमिनीवर असतो; ती त्याच्याशी मांडी घालून बसते, आणि कोपरा दूर पडला की कागदच आपल्याकडे फिरवून घेते. त्याला चार कडा असतात, म्हणून दुहेरी रेघेची चौकट तिच्या चित्रात ठाण मांडून बसली, आणि चौकटीच्या आत उरलेली प्रत्येक रिकामी जागा फुलांनी, पानांनी, पाखरांनी भरून निघाली. शिवाय लग्न झाले की कागद पुसावयाचा नसतो. त्यामुळे विषय कोहबराच्या बाहेर पडले; रामकथा आली, कृष्ण आला, आणि गंगादेवींनी तर माणसाचा जन्मापासूनचा जीवनक्रम ‘मानवजीवन’ या चित्रमालिकेत रंगवला. भिंतीचे भाग्य वेगळे. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात याच गंगादेवींनी दुखण्याशी झगडत रंगवलेले कोहबर, त्या 1991 मध्ये वारल्यानंतरही पाहणाऱ्याला थक्क करीत होते, ते 2015 च्या नूतनीकरणात नष्ट झाले. एका थोर चित्रकर्त्रीचे ते काम राखता आले नाही, याची खंत करावी तितकी थोडीच.

मिथिलेनंतर, 1970 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कुलकर्णी आपल्याच महाराष्ट्रात, डहाणू तालुक्यातील वारल्यांच्या पाड्यांवर पोहोचले. तेथेही चित्र लग्नाचेच. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने सवाशिणींनी चौक लिहावयाचा, त्यात पालघट देवीची स्थापना व्हावयाची, आणि धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावावयाचे. गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर मात्र त्यांना भेटला तो जिव्या सोमा मशे हा पुरुष. लहानपणी मातृवियोगाने बोलणे सोडून धुळीत आकृत्या काढून मनोगत सांगणाऱ्या या माणसाने, विधीच्या निमित्तावाचून, हौसेने रोज चित्रे काढावयास सुरुवात केली होती. 1975 मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे लागली, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 2011 मध्ये पद्मश्री.

येथे इतिहासाने दोन वाटा घेतल्या, आणि त्यांचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही. मिथिलेत कागद बायकांच्या हाती पडला आणि पुष्कळ अंशी बायकांच्याच हाती राहिला, कारण तो त्यांच्या अंगणात, त्यांच्या नावाने आला होता. जगदंबादेवी 1975 मध्ये, सीतादेवी 1981 मध्ये आणि गंगादेवी 1984 मध्ये पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. वारल्यांत कागद पुरुषाकडे गेला, मशे यांची प्रतिभा असामान्य असल्याने तो तेथे झळाळला, आणि मग चित्रकलेचे नाव व दाम दोन्ही मोठ्या प्रमाणात पुरुषांकडे वळले. चौक लिहिणाऱ्या सवाशिणी मात्र नाव नसलेल्याच राहिल्या. मशे यांच्या थोरवीला यात रतिमात्र उणेपणा नाही. पण ज्या घरी कागद प्रथम उतरतो त्या घरातले कोण तो हाती घेतो, यावर पुढच्या पिढ्यांचे बरेच ठरते.

मिथिलेतही सर्व जातींच्या घरी तो एकदम पोहोचला नव्हता. आरंभी तो ब्राह्मण आणि कायस्थ अंगणांतच फिरला. दुसाध स्त्रियांनी पुढे 1970 नंतरच्या दशकात, जर्मन अभ्यासिका एरिका मोझर यांच्या प्रोत्साहनाने, स्वतःच्या अंगावरील गोंदणाच्या आकृत्या कागदावर उतरवल्या, त्या कागदाला शेणाचा हात दिला, आणि उच्चवर्णीयांच्या देवदेवतांऐवजी आपल्या राजा सलहेसाची कथा रंगवली. रांटीतच महासुंदरीदेवी आणि कर्पूरीदेवी यांच्या घरी झाडलोट करणाऱ्या, मल्लाह म्हणजे कोळी समाजातल्या दुलारीदेवींनी मालकिणींना चित्रे काढताना पाहिले, कर्पूरीदेवींनी त्यांना जवळ बसवून घेतले, आणि निरक्षर म्हणून आयुष्य सुरू केलेल्या या बाईंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या आता मुलांना चित्रे काढावयास शिकवतात.