कस, वजन आणि दोन समीकरणे

एकसामयिक समीकरणे सोडवायला शिकलेला दहावीचा विद्यार्थी मिश्रणाच्या उदाहरणापाशी अडतो, तेव्हा तो बहुधा सोडवण्यात अडलेला नसतो, मांडणीत अडलेला असतो. क्रेमरची पद्धत पाठ असते, निश्चयक काढता येतो. पण सोन्याविषयीचे साधे वाक्य क्ष आणि य मध्ये उतरवायचे कसे, हे कोणी सांगितलेले नसते. या पुस्तकाचा भर तिथे आहे.

पहिला प्रश्न असा: मिसळल्यावर कशाची बेरीज होते? कॅरेटची होत नाही. 18 आणि 24 कॅरेटचे सोने एका मुशीत वितळवले, तर 42 कॅरेटचे सोने निघत नाही. बेरीज होते वजनांची, आणि त्या वजनांत असलेल्या शुद्ध सोन्याची. (घट सोनार वेगळी धरतोच, ती इथे सोडून देऊ.) म्हणून समीकरणेही दोनच. 22 कॅरेटचा 30 ग्रॅमचा दागिना घडवायचा असेल, तर 24 कॅरेटचे क्ष ग्रॅम आणि 18 कॅरेटचे य ग्रॅम घ्या. क्ष + य = 30 हा वजनाचा हिशेब; 24क्ष + 18य = 22 × 30 हा कसाचा. उत्तर 20 आणि 10.

हा विचार जुना आहे. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त मिश्रकव्यवहाराच्या पोटात सुवर्णगणित येते. तिथे कॅरेटऐवजी वर्ण आहेत: 16 वर्णांचे आणि 10 वर्णांचे सोने मिसळून 12 वर्णांचे झाले, तर प्रत्येकाचे वजन किती? रीत देखणी आहे. 16 मधून 12 गेले, उरले 4; ते हलक्या सोन्याचे वजन. 12 मधून 10 गेले, उरले 2; ते चोख सोन्याचे. मात्र एकूण वजन दिलेलेच नाही, म्हणजे समीकरण एक आणि अज्ञाते दोन. त्यामुळे हे फक्त प्रमाण झाले, आणि भास्कराचार्य ते जाणून आहेत: आलेल्या बाक्यांना इष्ट संख्येने गुणण्याची मुभा त्यांच्या सूत्रातच आहे. आजही दुग्धव्यवसायात दोन फॅटचे दूध मिसळताना पिअर्सनचा चौकोन मांडतात. तो हीच तिरपी वजाबाकी करतो.

मग समीकरणांचा खटाटोप कशाला? कारण तिरप्या वजाबाकीला दोनच जिन्नस आणि एकच गुण पेलतो. मुंबईत दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने सुरू झालेले टोण्ड दूध घ्या. त्यात फॅट 3 टक्के हवे आणि एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) 8.5 टक्के. ते बनते म्हशीचे दूध, दूध पावडर आणि पाणी यांतून. समजा, म्हशीच्या दुधात फॅट 6 टक्के आणि एसएनएफ 9 टक्के आहे, आणि सोयीसाठी पावडर निव्वळ एसएनएफ मानू. तीन अज्ञाते, तीन हिशेब: वजन, फॅट, एसएनएफ. फॅट फक्त दुधातून येते, म्हणून 100 किलोसाठी दूध 50 किलो. त्यातून एसएनएफ मिळाले 4.5 किलो; उरलेले 4 किलो पावडरीचे, आणि पाणी 46 किलो. म्हशीच्या एका लिटरातून जवळपास दोन लिटर होतात, म्हणूनच हे दूध स्वस्त पडते.

वाचकाने एक पथ्य मात्र पाळावे: शक्यतो वजनात मोजावे. 50 मिलिलिटर अल्कोहोल आणि 50 मिलिलिटर पाणी मिसळले, तर 100 मिलिलिटर भरत नाही, थोडे कमी भरते. पाठ्यपुस्तकांतली ‘लिटर’ची उदाहरणे हे गुपचूप विसरतात, तेवढी सवलत त्यांना द्यायला हरकत नाही.

ऋण उत्तर आले तर घाबरू नये. 14 आणि 18 कॅरेटच्या सोन्यातून 22 कॅरेटचे 30 ग्रॅम करायला सांगा. समीकरणे शांतपणे सुटतात आणि 18 कॅरेटचे 60 ग्रॅम, 14 कॅरेटचे उणे 30 ग्रॅम असे उत्तर देतात. आकडेमोडीत चूक नाही. मागणीच अशक्य आहे. असाच प्रसंग भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तल्या वानरांच्या प्रसिद्ध उदाहरणात येतो: कळपाच्या पंचमांशातून 3 वजा करून उरलेल्याचा वर्ग केला, तेवढी वानरे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसले, तर कळप केवढा? 50 आणि 5 अशी दोन उत्तरे निघतात. 5 वानरांचा पंचमांश 1; त्यातून 3 वजा केले की संख्या ऋण होते, म्हणून भास्कराचार्यांनी ते उत्तर बाजूला ठेवले.