बाबूराव पेंटर : पहिल्या व्हर्जनचा माणूस

शांताराम, दामले, फत्तेलाल ही नावं आपल्याला माहीत असतात. 'प्रभात' तर माहीत असतेच. पण या सगळ्यांचे गुरू कोण, असं विचारलं की आपण जरा अडखळतो.

गुरू म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म १८९०चा. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून आडनावच 'पेंटर' पडलं. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा विकत घ्यायला पैसे कुठले? मग घरीच बनवायचा ठरलं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी तरीही नाद सोडला नाही. दामल्यांना हाताशी धरून १९१८च्या सुमारास कॅमेरा तयार केलाच! आपण लायब्ररी डाऊनलोड करून कोड लिहिणारी माणसं. या गृहस्थांनी आधी हार्डवेअर बनवलं.

गायिका तानीबाई कागलकरांनी पैसे दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२०च्या 'सैरंध्री'त कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापला. १९२३च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला.

पण खरी उडी १९२५ची, 'सावकारी पाश'. सगळीकडे देवादिकांचे चित्रपट चालत असताना या माणसाने पडद्यावर कर्जात बुडालेला शेतकरी आणला. जमीन जाते आणि तो मुंबईला गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते शांताराम.

१९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर कंपनी सोडून गेले आणि 'प्रभात' काढली. मूळ कंपनी पुढे दोन-तीन वर्षांतच बंद पडली. १९३६ साली दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' आला, पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरवला गेला. त्याच १९३६मध्ये बाबूराव काय करत होते? तोच 'सावकारी पाश' पुन्हा, या वेळी बोलपट म्हणून! ते १९५४ साली गेले.

शिष्य गुरूच्या पुढे गेले, यात वाईट काही नाही. ते तर गुरूचं यशच. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. १९२५चा मूकपट आज उपलब्ध नाही. एकही प्रिंट नाही. ज्या सिनेमाने आपल्याकडे वास्तव पडद्यावर आणलं, तो आपण फक्त ऐकून मानायचा.

बॅकअप घ्यायला हवा होता हो कुणीतरी... असो.