मेपलचा गूळ कोणाचा?

कॅनडाच्या पूर्वेकडील प्रांतांत आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या राज्यांत थंडी सरू लागली की कित्येक घरांच्या अंगणात छोटे गुऱ्हाळ लागते. ऊस नसतो, झाड असते. रात्री पाणी गोठावे आणि दिवसा वितळावे, अशा हवेत साखर-मेपलच्या खोडातून रस गळतो. दीड-दोन इंच खोल भोक पाडायचे, तोटी ठोकायची, बादली टांगायची. रस पाण्यासारखा पातळ असतो. त्यात साखर शेकडा 2 ते 3 भाग. म्हणून सुमारे 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर पाक मिळतो. वाफ एवढी सुटते की चूल बाहेरच मांडतात. उकळत्या पाण्याहून 4 अंश सेल्सिअस अधिक ताप झाला की पाक तयार. गरम असतानाच तो जाड लोकरी कापडातून गाळायचा. आणखी आटवून घोटला तर त्याची साखर होते. झाडाच्या कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो.

ही विद्या कोणाची? ओजिब्वे आणि त्यांच्या शेजारच्या आदिवासी जमातींची. ओजिब्वे लोकांत मेपलच्या रानाची व्यवस्था स्त्रियांच्या हाती असे आणि साखर वर्षभर पुरवण्याची जबाबदारीही त्यांचीच. रस धरायला व साखर साठवायला भूर्जाच्या सालीची भांडी असत. (आपल्याकडे भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या गेल्या आणि त्या बहुजनांपासून लपवून ठेवल्या गेल्या. तिकडे त्याच कुळातल्या झाडाच्या सालीत सगळ्या वस्तीची साखर राहत असे.)

या स्त्रियांचे श्रेयही सुखासुखी मान्य झाले नाही. लोखंडी कढई युरोपियांनी आणली. तिच्याआधी साखर करणे आदिवासींना जमलेच नसेल, असे काही अभ्यासकांनी मांडले आणि 1980 च्या दशकात यावर बराच वाद झाला. तापवलेले दगड रसात टाकून तो आटवता येतो. रात्री गोठलेल्या रसावरचे बर्फ काढून टाकले तरी खाली गोडी घट्ट होते. पण ज्याचे भांडे त्याचीच विद्या, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

आता 1791 सालाकडे येऊ. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश हे गुलामगिरीचे विरोधक. त्या जुलैत त्यांनी थॉमस जेफर्सन यांना मेपलवर एक लांबलचक पत्र लिहिले. वेस्ट इंडीजमधील उसाची साखर गुलामांच्या रक्तावर होते. घरोघर मेपलची साखर झाली तर त्या साखरेची आणि पर्यायाने गुलामगिरीची गरज उरणार नाही, अशी त्यांची आशा होती. तिची कुचेष्टा करू नये. अशाच चळवळींतून पुढे गुलाममुक्ती झाली, आणि त्या कार्याबद्दल कृतज्ञता म्हणून जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला.

तरीही हिशोब पुरा मांडला पाहिजे. पत्र लिहिले तेव्हा रश यांच्याच घरी विल्यम ग्रबर नावाचा गुलाम होता. त्याची सुटका 1794 ची. जेफर्सन यांनी त्याच वर्षी मेपलची रोपे विकत घेऊन आपल्या माँटिसेलोच्या मळ्यात लावली. तो मळा चालत होता गुलामांच्या श्रमावर. जेफर्सन यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे मालकीने बाळगली. गुलामांच्या साखरेला पर्याय म्हणून आणलेली झाडे गुलामांच्या मळ्यात! त्यांतली बहुतेक जगली नाहीत.

पत्रानंतर दीड महिनाही झाला नव्हता. ऑगस्ट 1791 मध्ये सेंट डोमिंगो या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी उसाचे मळे पेटवले. तेव्हा जगातला सर्वांत मोठा साखर-उत्पादक तोच मुलूख होता. 1793 मध्ये तिथली गुलामगिरी संपल्याचे जाहीर करणे फ्रेंच अधिकाऱ्यांना भाग पडले आणि 1804 मध्ये हैती स्वतंत्र झाला. साखरेच्या गुलामगिरीला पहिला मोठा हादरा दिला तो उसाच्या फडात राबणाऱ्यांनी, आणि त्यासाठी त्यांनी कोणाच्या मेपलची वाट पाहिली नाही.

आणि ती झाडे तरी कोणाच्या जमिनीवर होती? न्यूयॉर्क राज्यात विल्यम कूपर यांनी क्वेकर व्यापाऱ्यांच्या साहाय्याने मेपल-साखरेचा धंदा उभारण्याचा घाट घातला. त्यांनी वसाहत मांडली 1786 मध्ये. त्याआधी अवघी 7 वर्षे, 1779 मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमाने निघालेल्या फौजेने त्या राज्यातली इरोक्वाय लोकांची 40 हून अधिक गावे, उभ्या पिकांसह आणि फळबागांसह, जाळली होती. त्या साखरेला गुलामाचा हात लागला नव्हता हे खरे. पण रान कोणाचे, हे सुधारकांनी विचारले नाही.

पश्चिमेकडे ओजिब्वे लोकांकडून 1837 च्या तहाने मोठा मुलूख घेतला गेला. तिथे शिकार, मासेमारी आणि रानभात गोळा करण्याचा हक्क तहाच्या कलमात राखला होता. मिनेसोटा राज्याने तो नाकारला. 1999 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो शाबूत असल्याचा निकाल दिला. ओजिब्वे भाषेत वसंतातल्या एका चांद्रमासाला रस आटवण्याचा महिना म्हणतात. त्या दिवसांत आजही त्यांची कुटुंबे मुलाबाळांसह मेपलच्या रानात जातात आणि चुली पेटवतात.