वेंगुर्ल्याची जळकी बेटे आणि लाळेची घरटी

पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या पुलाखाली किंवा चाकणमधल्या जुन्या इमारतीच्या छज्जाखाली मान वर करून पाहिले, तर गवताची व पिसांची, एकमेकांना खेटून बांधलेली घरटी दिसतात. ती घरपाकोळीची. छताला ती चिकटतात कशाने? पक्ष्याच्या लाळेने. (चिखलाचे घरटे करणारी भिंगरी वेगळी. आपण दोघींनाही सरसकट पाकोळी म्हणतो आणि मग वर्गात घोटाळा होतो.) या घरपाकोळीची एक चुलत बहीण भर समुद्रातल्या खडकांवर वीण घालते. तिच्याकडे जायचे तर आपल्याला वेंगुर्ले गाठावे लागेल.

वेंगुर्ल्याच्या वायव्येला सुमारे १४ किलोमीटरवर खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. नकाशात त्याचे नाव 'वेंगुर्ला रॉक्स'. पोर्तुगीज दर्यावर्दी त्यांना 'जळकी बेटे' म्हणत, तेच नाव पुढे इंग्रजांनी उचलले. एका बेटावर दीपगृह आहे. गाव, शेत असे काही नाही. जहाजांना हे खडक म्हणजे धोका. पक्ष्यांना मात्र हाच एकांत सोयीचा, कारण अंडी खाणारे जमिनीवरचे प्राणी इतक्या दूर सहजी पोहोचत नाहीत.

१८७५ साली अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम येथे आला. होय, १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तोच ह्यूम! सरकारी सर्वेक्षण जहाजातून तो लक्षद्वीपकडे निघाला होता. कागदोपत्री काम होते दीपगृहांसाठी जागा पाहण्याचे. पण गडी मनाने पक्षीशास्त्रज्ञ. 'स्ट्रे फेदर्स' हे पक्ष्यांना वाहिलेले नियतकालिक तो स्वतःच चालवी. हे खडक पाहिले तेव्हा सुरय या समुद्रपक्ष्यांची वीण चालू नव्हती. तरी मागे राहिलेल्या अवशेषांवरून ती येथे होते हे त्याने ताडले. पक्षी हजर नसताना त्याचे वेळापत्रक वाचणे, ही निरीक्षणाची पद्धत विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. पुढे १९४२ साली हुमायून अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील सुरय व पाकोळ्यांवर सविस्तर लेख लिहिला.

या पाकोळ्या खडकांतल्या काळोख्या गुहांत राहतात. अंधारात त्या टकटक असा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधतात. वटवाघळाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, हिचा येतो. विणीच्या हंगामात तिच्या लाळग्रंथी फुगतात. लाळेचे पदर वाळवत, त्यांत शेवाळ, पिसे मिसळत ती भिंतीला अर्ध्या वाटीसारखे घरटे चिकटवते. अंडी बहुधा दोनच.

हीच लाळ तिच्या मुळावर आली. चीनमध्ये पाकोळ्यांच्या घरट्यांचे सूप शतकानुशतके मोलाचे मानले जाते. आपल्या पाकोळीच्या घरट्यात काडीकचरा असल्याने ते हलक्या प्रतीचे, तरीही त्याला गिऱ्हाईक होते. एकोणिसाव्या शतकात या खडकांवरची घरटी काढण्याचा चक्क मक्ता दिला जाई. रिकामे घरटे काढले तर पक्षी पुन्हा बांधू लागतो, पण त्यात त्याची शक्ती व हंगाम खर्च होतो. अंडी-पिल्लांसकट काढले तर ती पिढीच गेली. आणि सगळी वस्ती मोजक्या गुहांत एकवटलेली असल्यामुळे, एक शिडी व दोन-चार माणसे तिचा फडशा पाडू शकतात.

या शतकाच्या आरंभी येथील चोरटी घरटेतोड उघडकीस आली. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' संस्थेने वनखात्याच्या मदतीने पाकोळ्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रातून लहान होड्या या खडकांना लागू शकत नाहीत. त्यामुळे चोराला जे उघाडीचे महिने सोयीचे, तेच पहारेकऱ्यालाही धरावे लागतात.