मोहन बागानचे मानकरी

जत्रेच्या दिवशी पालखीपुढे कोणी चालावे आणि पहिला प्रसाद कोणाच्या हातावर पडावा, ह्यावरून आपल्या समाजात जेवढे तंटे झाले असतील, तेवढे शेताच्या बांधावरूनही झाले नसतील. गोव्यात तर पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांच्या कारभारासाठी निर्बंध केले आणि महाजन म्हणजे कोण, ह्या प्रश्नास कागदोपत्री उत्तर मिळाले. महाजनपण कुळातून येते, ते मिळवता येत नाही. परंतु प्रत्येक देवळात आणखीही एक मान असतो. तो कोणत्याही वहीत नोंदलेला नसतो. वर्षानुवर्षे निमूटपणे सेवा केलेल्या माणसाचे नाव उत्सवात आपोआप निघते, तो हा मान. हा दुसऱ्या प्रकारचा मान कसा निर्माण होतो आणि पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकतो, हे पाहण्यासाठी कलकत्त्याच्या मोहन बागान ह्या फुटबॉल संघाच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

हा संघ १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कलकत्त्यात स्थापन झाला. मोहन बागान नावाच्या एका हवेलीच्या आवारात मुले खेळत, तेच नाव संघास मिळाले. पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू हे व्यवसायाने कायदेपंडित होते आणि पुढे १९१४ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षही झाले. पारतंत्र्याच्या त्या काळात गोऱ्यांच्या पलटणी बूट घालून खेळत आणि देशी मुले अनवाणी खेळत.

१९११ सालच्या आय. एफ. ए. शील्ड स्पर्धेत ह्या अनवाणी मुलांनी एकामागून एक संघ हरविले. उपांत्य फेरीत मिडलसेक्स पलटणीशी पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसरा त्यांनी तीन गोलांनी जिंकला. २९ जुलैच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर पलटणीने पहिला गोल केला. कर्णधार शिवदास भादुरी ह्यांनी बरोबरी साधली आणि अखेरच्या काही मिनिटांत अभिलाष घोष ह्यांनी विजयाचा गोल केला. मैदानावर लोटलेल्या हजारोंपैकी पुष्कळांस खेळ दिसतच नव्हता. त्यांच्यासाठी गोलसंख्या लिहिलेले पतंग आकाशात चढविले जात होते. त्याच वर्षी १२ डिसेंबरला दिल्ली दरबारात वंगभंग रद्द झाल्याची घोषणा झाली. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे इतिहासास धरून होणार नाही. पण वंगभंगाच्या शल्याने पोळलेल्या बंगालने त्या ढालीत काय पाहिले असेल, हे सांगावयास नको.

त्या अकरा जणांस बंगाली माणूस ‘अमर एकादश’ म्हणतो. ह्यांत बूट घालून खेळणारा एकच होता, सुधीर चटर्जी. ते ख्रिस्ती होते आणि पुढे धर्मोपदेशक झाले. शिवाय ह्या अकरा जणांत अनेकांचे मूळ घर पूर्व बंगालात होते. पुढे १९२० साली ईस्ट बंगाल नावाचा प्रतिस्पर्धी संघ निघाला, आणि मोहन बागान जिंकला तर कोळंबी व ईस्ट बंगाल जिंकला तर हिलसा मासा, असे दोन्ही पक्षांच्या घरचे जेवणही वाटले गेले. तरीही आपल्या अमर एकादशांतील कोणाचे गाव पद्मेच्या पलीकडे होते, हा हिशेब मोहन बागानच्या कोणत्याही समर्थकाने मांडला नाही.

ह्या पहिल्या मानकऱ्यांनंतरचे सर्वांत मोठे नाव गोष्ठ पाल ह्यांचे. तेही फरिदपूर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्व बंगालचेच. दोन दशकांहून अधिक काळ ते मोहन बागानच्या बचावफळीत अनवाणी उभे राहिले. गोऱ्या सैनिकांच्या बुटांसमोर न हटणाऱ्या ह्या माणसास लोकांनी ‘चीनची भिंत’ म्हटले. १९२३ साली मोहन बागानने मुंबईच्या रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, तेव्हा मुंबईकरांनीही हा खेळ पाहिला. तो सामना डरहम पलटणीने जिंकला. १९६२ साली पद्मश्री मिळविणारे गोष्ठ पाल हे पहिले फुटबॉलपटू. कलकत्त्याच्या मैदानावर आज त्यांचा पुतळा आहे आणि जवळचा रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो.

शैलेन मन्ना १९४२ ते १९६० मोहन बागानसाठी खेळले. त्या काळी खेळावर पोट भरत नसे. त्यांची नोकरी भूगर्भ सर्वेक्षण खात्यात होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचे दोन्ही पेनल्टी फटके वाया गेले आणि सामना १–२ असा हातचा गेला. त्यांपैकी एक फटका मन्नांचा होता. तीन वर्षांनी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने इराणला हरवून सुवर्णपदक मिळविले. वाया गेलेल्या फटक्यासाठी लोकांनी मन्नांवर कधी राग धरला नाही. २००१ साली संघाने ‘मोहन बागान रत्न’ हा सन्मान सुरू केला, तेव्हा पहिला मान त्यांनाच दिला.

चुनी गोस्वामी ह्यांनी १९५४ पासून १९६८ पर्यंत दुसऱ्या कोणत्याही क्लबची जर्सी अंगावर घातली नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ते भारताचे कर्णधार होते. हेच गोस्वामी पुढे बंगालचे क्रिकेट कर्णधार होऊन १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यासाठी मुंबईस आले होते. जकार्त्यात त्यांच्याच बरोबर मोहन बागानचे जर्नेलसिंग होते. फाळणीत घरदार सोडून आलेल्या पंजाबी कुटुंबातला हा शीख तरुण. स्पर्धेत त्यांचे डोके फुटले, टाके पडले. बचावात खेळणे धोक्याचे, म्हणून त्यांस आघाडीस पाठविण्यात आले, आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धच्या भारताच्या दोन गोलांपैकी एक त्यांनी केला. पुढच्या काळात ब्राझीलचा होझे बारेटो आला. गोव्यातील वडीलधाऱ्यांच्या ओळखीच्या पोर्तुगीज भाषेत वाढलेला हा माणूस मधली दोन वर्षे सोडता १९९९ पासून २०१२ पर्यंत कलकत्त्यात राहिला. लोकांनी त्याला ‘हिरवा पोपट’ असे लाडाचे नाव दिले.

ख्रिस्ती, शीख, पूर्व बंगालचा, ब्राझीलचा. मोहन बागानच्या मानकऱ्यांची ही यादी कुळावरून तयार झालेली नाही. त्यांत गोलांची संख्या मोजली गेली, असेही नाही. गोष्ठ पाल आणि मन्ना ह्यांचे काम गोल अडविण्याचे होते. ज्याने आपल्यासाठी पाय रक्तबंबाळ करून घेतले आणि दिवस फिरल्यावरही जो निघून गेला नाही, त्याचे नाव लोकांनी मुलांना सांगितले, एवढेच ह्या यादीचे नियम.

ह्या भक्तीस एक काळी बाजूही आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान–ईस्ट बंगाल सामन्यात मैदानावर धक्काबुक्की झाली आणि तिचे लोण प्रेक्षकांत पोहोचले. त्या चेंगराचेंगरीत १६ जण मृत्यू पावले. खेळ पाहावयास गेलेली ती माणसे घरी परतली नाहीत. तेव्हापासून ह्या तारखेस कलकत्त्यात रक्तदान होते. पश्चात्तापाचा असा विधी एखाद्या समाजाने स्वतःवर घालून घ्यावा, हे त्या समाजाच्या शहाणपणाचे लक्षण होय.

आता कायद्याचा प्रश्न. १९२५ साली कलकत्त्याच्याच मल्लिक घराण्याच्या कुलदेवतेविषयीचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. मूर्ती ही वाटेल तेथे हलवावी अशी जंगम मालमत्ता नव्हे, तिला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तित्व आहे आणि तिच्या इच्छेचाही विचार व्हावा, असे न्यायाधीशांनी ठरविले. फुटबॉलच्या संघास मात्र असा आधार नाही. २०२० साली मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचे ८० टक्के भाग एका उद्योगसमूहाकडे गेले आणि संघाच्या नावापुढे ‘एटीके’ ही अक्षरे लागली. व्यवहार कायदेशीर होता. पण समर्थक रस्त्यावर आले. ज्या नावाखाली अमर एकादश खेळले, त्याला कोणतेही शेपूट नको, एवढीच त्यांची मागणी होती. भागधारक म्हणून त्यांस मत नव्हते. त्यांच्याजवळ फक्त आठवणी होत्या.

ह्या वादाचा एक अध्याय आपल्या गोव्यात घडला. २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम महामारीमुळे गोव्यातच, प्रेक्षकांवाचून खेळला गेला. कलकत्त्याचा हा संघ रिकाम्या मैदानांवर खेळत होता. पुढे १८ मार्च २०२३ रोजी फातोर्ड्यास अंतिम सामन्यात बंगळूरच्या संघास पेनल्टी फटक्यांवर हरवून तो विजेता ठरला. त्याच रात्री मालकांनी ‘एटीके’ ही अक्षरे काढून टाकण्याची घोषणा केली. ‘सुपर जायंट’ ही जोड राहिलीच. विजय पूर्ण नव्हता. पण मतपत्रिका हाती नसलेल्या लोकांनी मालकास तीन वर्षांत मागे घेतले, हे लहान नव्हे.

आपल्याही इथे २०१६ साली धेंपो आणि सलगावकर ह्या संघांनी राष्ट्रीय लीग सोडली. धेंपो संघ पाच वेळा राष्ट्रीय विजेता झाला होता. सलगावकरसाठी गोलपोस्ट राखणारे ब्रह्मानंद शंखवाळकर ह्यांस १९९७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला. ही नावे आपल्या घरांत मुलांस कोणी सांगते काय? कलकत्त्यात २९ जुलै हा ‘मोहन बागान दिवस’ म्हणून साजरा होतो. त्या दिवशी आजोबा नातवास अकरा नावे पाठ म्हणून दाखवितात. आपल्या देवळांच्या वार्षिक उत्सवांत ज्यांचे मान आजवर चालत आले, त्यांच्या मागेही कोणीतरी असेच घरोघर नावे सांगितली होती. आपल्या गावातल्या मैदानांसाठी तेवढे करण्यास कोणाची परवानगी लागत नाही.