कात्री आणि छाया



हालत्या चित्रांच्या कलेचा विषय निघाला, कीं वॉल्ट डिस्ने यांचें नांव आपोआप ओठांवर येतें. परंतु त्यांची ‘स्नो व्हाइट’ १९३७ सालीं अवतरली. त्यापूर्वीं अकरा वर्षें बर्लिन येथें सुमारें ६५ मिनिटांचा एक मूकपट दाखविला गेला होता. ‘राजपुत्र अहमदाचीं साहसें’ हें त्याचें नांव. या प्रकारच्या दीर्घपटांपैकीं आज अवशिष्ट असलेला सर्वांत जुना पट तोच. आणि त्याच्या कर्त्या लोट्टे रायनिगर या होत.

१८९९ सालीं बर्लिनमध्यें जन्मलेल्या या बाईंना काळा कागद कापून त्यांतून माणसें, घोडे, झाडें निर्माण करण्याचा बालपणापासून छंद. पाऊल वेगनर या विख्यात नटानें ती कात्री हेरली. १९१८ सालीं त्याच्या ‘हॅमेलिनचा पुंगीवाला’ या चित्रपटांत खरे उंदीर कांहीं केल्या शिस्तीनें चालेनात. तेव्हां लांकडी उंदीर करून ते तसूतसूनें पुढें सरकवावे लागले. त्या कामीं रायनिगरबाई होत्या. पुढल्याच वर्षीं त्यांनीं आपला पहिला छायापट केला.

‘अहमदा’ची जन्मकथा मोठी गमतीची आहे. जर्मनींत चलनाची किंमत कोसळत असतां लुई हागेन नांवाच्या पेढीवाल्यानें पैशाऐवजीं कोऱ्या फिल्मचा साठा करून ठेविला होता. तो त्यानें बाईंच्या हवालीं केला, आणि पॉट्सडॅम येथील आपल्या घराजवळच्या मोटारखान्याचा माळाही दिला. तेथें १९२३ पासून तीन वर्षें काम चाललें. खालून उजळलेल्या कांचेच्या मेजावर, सांध्यासांध्यांत तारेनें जोडलेल्या कागदाच्या व पातळ शिशाच्या आकृति ठेवावयाच्या. वर बसविलेल्या कॅमेऱ्यानें एक छायाचित्र घ्यावयाचें. मग आकृतीचा हात केसभर हलवून दुसरें. एका सेकंदाच्या हालचालीस अशीं सुमारें २४ छायाचित्रें! कॅमेरा सांभाळीत ते त्यांचे पति कार्ल कोख.

आकृति सर्वस्वी काळी. तिला डोळे नाहींत, ओठ नाहींत. मग दुःख दाखवावें कसें? रायनिगरबाईंनीं तें मानेच्या झुकण्यांत आणि मनगटाच्या वळणांत दाखविलें. कांचेच्या थरांवर देखावे मांडण्याची त्यांची युक्ति पुष्कळ नांवाजली जाते, व तें योग्यच. तथापि मला त्यांची खरी थोरवी त्या मनगटांत दिसते.

हिटलरच्या राज्यांत त्यांस राहवेना. पतिपत्नींनीं देश सोडला. पण कायमचा आश्रय कोणताच देश देईना. परवान्याची मुदत सरली, कीं मुक्काम हलवावयाचा! अशाही स्थितींत चित्रें निघत राहिलीं, कारण कात्री कोठेंही नेतां येते. युद्धाच्या अखेरीस आजारी मातेसाठीं त्या बर्लिनला परतल्या. त्या शहराच्या लढाईंत, १९४५ सालीं, ‘अहमदा’ची मूळ फिल्म नष्ट झाली, आज आपण पाहतों तो पट एका बचावलेल्या प्रतीवरून सिद्ध केलेला आहे.

१९४९ सालीं त्या लंडनला गेल्या आणि पुढें दूरचित्रवाणीसाठीं परीकथांचे छोटे छायापट करूं लागल्या. त्यांतील ‘शूर शिंप्या’ला १९५५ सालीं व्हेनिसचें पारितोषिक मिळालें. १९६३ सालीं पति वारले, आणि कात्री बरींच वर्षें स्वस्थ पडली. १९८१ सालीं त्या स्वतः निवर्तल्या. परंतु तत्पूर्वीं कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळानें त्यांस बोलाविलें, तेव्हां पंचाहत्तरीच्या वयांत त्या पुन्हां त्या कांचेच्या मेजावर वांकल्या होत्या.