कुलूपबंद झोपडीची नोंद

कसाऱ्याकडे जाणारी लोकल खर्डी सोडते, की पुढचं स्टेशन उंबरमाळी. घरकुलाच्या सरकारी आकड्यांचा इतिहास मला आज याच भागातून सांगायचाय, शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांमधून. घर कुणाला मिळणार हे यादीत ठरतं. यादी कशी होते, ते पाहू.

खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. १८७८च्या जंगल कायद्यानंतर जंगलावर सरकारी पहारा वाढत गेला, जुना धंदा सुटत गेला. राहिली मजुरी. दिवाळी झाली की आगाऊ उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जातं, आणि पावसाच्या तोंडावर परततं. कारवीच्या कुडाची झोपडी तेवढे महिने बंद.

आता जनगणनेच्या तारखा बघा. १८८१ साली १७ फेब्रुवारी. १९३१ साली २६ फेब्रुवारी. २०११ साली ९ ते २८ फेब्रुवारी. पाऊस नाही, रस्ते कोरडे, मोजणाऱ्याला सोयीचा काळ. आणि नेमका तोच भट्टीचा हंगाम! माणूस जिथे सापडला तिथे मोजला जातो, त्यामुळे देशाच्या बेरजेत कदाचित तो येतोही. पण त्याच्या वाडीच्या आकड्यात तो नसतो.

घरांची यादी त्याआधी, २०१० मध्ये झाली. भिंत कशाची, छप्पर कशाचं, खोल्या किती, घर स्वतःचं की भाड्याचं, हे सगळं विचारलं. कातकरी काय सांगणार? ‘स्वतःचं.’ खरंच आहे ते, झोपडी त्यानेच बांधलेली. पण खालची जमीन कुणाची, हा रकाना नव्हता. कित्येक वाड्या खाजगी मालकाच्या जमिनीवर आहेत. रायगड-ठाणे पट्ट्यातल्या या प्रश्नावर डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी कातकऱ्यांना सोबत घेऊन अभ्यास केला, २०१३ साली त्याचं पुस्तक आलं. ही नोंद जनगणनेच्या बाहेर, अशी व्हावी लागली.

योजनांच्या याद्यांचं काय? इंदिरा आवास योजना १९८५-८६ची. पुढे १९९२, १९९७, २००२ अशी दारिद्र्यरेषेची सर्वेक्षणं झाली. २००२च्या सर्वेक्षणात १३ निकष, प्रत्येकाला ० ते ४ गुण. जितके गुण कमी, तितकी गरिबी जास्त. त्यांतला एक निकष चक्क स्थलांतराच्या कारणाचा! पण तो प्रश्न विचारायला माणूस घरी भेटायला हवा ना?

२०११च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात एक चांगली गोष्ट झाली. पाच गट आपोआप यादीत घ्यायचे ठरले. त्यांत आदिम जमाती होत्या, आणि कायद्याने मुक्त झालेले वेठबिगारही. ठाणे जिल्ह्यात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी विवेक पंडित यांची श्रमजीवी संघटना १९८२ पासून लढत होती. मुक्तीचा सरकारी कागद अशा रीतीने घराच्या यादीतही कामाचा ठरला. पण हा कागद ज्यांच्याकडे नव्हता, त्यांचं वेठीचं जिणं त्या रकान्यात आलं नाही.

२०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने हीच यादी आधाराला घेतली. सुटलेल्या नावांसाठी नंतर ‘आवास प्लस’ यादी करावी लागली. मग १५ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘पीएम-जनमन’ आली, खास आदिम जमातींसाठी. सपाट भागातल्या नेहमीच्या १ लाख २० हजारांऐवजी घराला २ लाख रुपये. पण बांधकामाचा फोटो जागेवर उभं राहून, तिथल्या अक्षांश-रेखांशासह काढावा लागतो. जागाच दुसऱ्याची असेल तर? राज्याने जागा खरेदीसाठी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने अर्थसाहाय्य योजना काढली ती यासाठीच. म्हणजे १८८१ पासून ज्याची नोंद राहिली, तोच प्रश्न घराच्या पायाशी येऊन थांबला.

आकडे कुणी मुद्दाम खोटे लिहिले, असं मी म्हणत नाही. मोजणाऱ्याने इमानदारीने ‘घर बंद’ लिहिलं असेल. प्रश्न आहे, परत कोण गेलं, आणि कुठल्या महिन्यात.

पुढच्या जनगणनेची तारीख जाहीर झाली आहे: १ मार्च २०२७. मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. तेव्हा भट्ट्या पेटलेल्या असतील. निदान वाडीचा आकडा वाचताना आपण एवढं लक्षात ठेवूया.